फायनाइट एलिमेंट प्रोग्रॅममध्ये क्लासची विभागणी कशी करावी?

प्रश्न
मी स्थापत्य अभियांत्रिकीचा पदव्युत्तर विद्यार्थी असून सी++ मध्ये फायनाइट एलिमेंट पद्धतीचा (रचनेचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून गणित करण्याच्या पद्धतीचा) छोटा प्रोग्रॅम लिहीत आहे. ट्रस, बीम आणि त्रिकोणी एलिमेंट हे क्लास 'एलिमेंट' या मूळ क्लासपासून इनहेरिट केले आहेत. आता लवचिक पदार्थाबरोबर प्लॅस्टिक (भार काढल्यावरही काही विरूपण कायम राहणारा) पदार्थही हवा असल्याने 'लवचिक ट्रस', 'प्लॅस्टिक ट्रस' असे क्लास वाढत चालले आहेत. ही वाढ कशी रोखावी?

उत्तर १
एलिमेंटचा आकार आणि पदार्थाचे वर्तन या गोष्टी स्वतंत्रपणे बदलतात, म्हणून त्यांना एकाच वंशावळीत कोंबू नये. पदार्थाचा क्लास वेगळा करून त्याचा ऑब्जेक्ट एलिमेंटने आपल्या आत बाळगावा. पदार्थाने गॉस बिंदूवरचा (एलिमेंटच्या आतल्या, गणितासाठी निवडलेल्या बिंदूवरचा) स्ट्रेन घ्यावा आणि स्ट्रेस व टॅन्जंट मॅट्रिक्स (स्ट्रेनबरोबर स्ट्रेस किती बदलतो ते सांगणारे) द्यावे, बस्स. मात्र प्लॅस्टिक पदार्थाला आधीच्या भाराचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्येक गॉस बिंदूला स्वतंत्र ऑब्जेक्ट लागतो. एकच ऑब्जेक्ट सगळ्यांना वाटून दिला, तर लवचिक उदाहरणे बरोबर सुटतात आणि प्लॅस्टिक उदाहरणे गुपचूप बिघडतात.

उत्तर २
वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. ट्रसला एकाच दिशेचा स्ट्रेस पुरतो, त्रिकोणी एलिमेंटला मात्र प्रतलातले 3 घटक लागतात. तेव्हा सर्व पदार्थांसाठी एकच मूळ क्लास ओढूनताणून बसवू नका. भूकंप अभियांत्रिकीसाठी बर्कलेच्या विद्यापीठात घडलेल्या ओपनसीस या सॉफ्टवेअरमध्ये एकअक्षीय आणि बहुअक्षीय पदार्थांचे मूळ क्लास वेगळे आहेत. त्यातली 'कमिटस्टेट' आणि 'रिव्हर्टटूलास्टकमिट' ही फंक्शने अवश्य वाचा: न्यूटन-रॅफसनच्या (समीकरणाचे उत्तर पायरीपायरीने सुधारत जाणाऱ्या पद्धतीच्या) आवर्तनांत पदार्थाची तात्पुरती अवस्था बदलत राहते आणि उत्तर स्थिरावल्यावरच ती कायम केली जाते.

उत्तर ३
क्लास आणि इनहेरिटन्स या कल्पना ऑस्लोमध्ये डाल आणि नायगार्ड यांनी सिम्युलेशनच्या गरजेतून घडवलेल्या सिम्युला 67 मधून आल्या, म्हणून त्या सिम्युलेशनमध्ये जागोजागी पेराव्यात असे नाही. एलिमेंटच्या स्टिफनेसच्या गणितापुढे एका व्हर्च्युअल कॉलचा (कोणत्या क्लासचे फंक्शन चालवायचे ते प्रोग्रॅम चालताना ठरण्याचा) खर्च सहसा नगण्य ठरतो. पण स्पार्स (बहुतेक नोंदी शून्य असलेल्या) मॅट्रिक्सच्या प्रत्येक नोंदीचा ऑब्जेक्ट करू नका. क्लासनी गजबजलेल्या ओपनफोम या प्रवाहगणिताच्या सॉफ्टवेअरमध्येही मॅट्रिक्सचे कर्णावरचे, वरचे आणि खालचे सहगुणक साध्या अ‍ॅरेमध्येच असतात.

नवी रचना तपासण्यासाठी पोलादाचे एकच ट्रस एलिमेंट यील्डच्या (कायमचे विरूपण सुरू होते त्या मर्यादेच्या) पुढे ताणून भार उतरवा. स्ट्रेस-स्ट्रेन आलेखातल्या परतीच्या रेषेचा उतार यंग मापांकाएवढा, म्हणजे सुमारे 200 गिगापास्कल, आला नाही, तर मेश वाढवण्याआधी अवस्था कायम करण्याचा क्रम पाहा.