झोपडपट्टीतली घरं बांधायला सरकारने बिल्डरऐवजी संस्थांना पैसा द्यावा का?

पेठेतला_पक्या
एसआरएत (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत) सरकारचा एक रुपया जात नाही, बिल्डरच फुकट घरं देतो, असं लोक बिनधास्त ठोकून देतात. अरे मग त्याबदल्यात बिल्डरला मिळणारा जादा एफएसआय (जागेवर जास्त बांधायची परवानगी) आणि टीडीआर (तीच परवानगी दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क) काय आभाळातून पडतो का? तो पण सगळ्यांचाच पैसा, फक्त दिसत नाही. त्यापेक्षा येरवड्याला झालं तसं उघड अनुदान द्या ना. तिथे जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेतून घरामागे 3 लाख धरले होते, 10 टक्के घरवाल्याचे, बाकी केंद्र, राज्य आणि पालिका. स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचं संघटन, या दोघांनी गल्ल्या जागच्या जागी ठेवल्या, पक्क्या घरांना हात लावला नाही, फक्त कच्ची पाडून साधारण 270 फुटांची नवी बांधली. शेजारी तोच राहिला, हे मला सगळ्यात भारी वाटतं. अशा संस्थांसाठी राज्याने वेगळा फंड काढलाच पाहिजे.

कुर्ल्याचा_नाना
पक्याभाऊ, पुण्यात बसून सोपं आहे. मुंबईत एवढी दाटी, तिथे जागच्या जागी दोन मजले बांधून कितीजण मावणार? आणि इकडे 300 फूट फुकट मिळत असताना तुमचे 10 टक्के कोण भरणार? त्यात संस्थांना पैसा म्हटलं की उद्या प्रत्येक नगरसेवकाच्या मेव्हण्याची एक संस्था निघेल.

पेठेतला_पक्या
नाना, धारावीत राजीव-इंदिरा सोसायटी एसआरएमध्येच झाली की, बिल्डर न घेता, स्पार्कच्याच मदतीने! मेव्हण्यांसाठी अट घाला, आधी घरं बांधून दाखवलेल्यालाच पैसा, आणि वस्तीतल्या बायकांच्या कमिटीची सही असल्याशिवाय हप्ता नाही.

एस्टिमेटवाला
मी सरकारी कामं करतो म्हणून सांगतो, खरी बोंब रोकड्याची आहे. काम आधी, बिल नंतर, आणि बिल टेबलाटेबलावर फिरतं. बिल्डर सेलच्या, म्हणजे बाजारात विकायच्या फ्लॅटचं बुकिंग घेऊन तग धरतो, संस्थेने काय विकायचं? 2002 मध्ये क्लिफ नावाचा निधी त्यासाठीच आला, ब्रिटन आणि स्वीडनच्या सरकारी पैशातून. म्हणजे आपल्याच सरकारचं बिल निघेपर्यंत परदेशाच्या पैशावर भिंती चढवायच्या. फंड काढायचा तर आधी हा फिरता पैसा द्या, नाहीतर नुसता जीआर निघेल.

वनआरके_करदाती
आम्ही वीस वर्षं हप्ते फेडून वनआरके घेतला, आमच्यासाठी कुठला फंड? सरकारने 1998 ला शिवशाही पुनर्वसन कंपनी काढली होती ना, तिने झोपड्या संपवल्या का?

पेठेतला_पक्या
ताई, ती सरकारी कंपनी, वस्तीतली संस्था नव्हे. आणि तुमच्या फ्लॅटच्या किमतीत पण एफएसआयचा खेळ आहेच.

कुर्ल्याचा_नाना
ते असू दे. बिल्डर अडला तर निदान रेराला तरी जाता येतं. संस्था अडली तर कुणाची कॉलर धरायची?

एस्टिमेटवाला
नाना, रेरा सेलचा फ्लॅट घेणाऱ्याला. झोपडीवाल्याच्या फुकट घराला तो लागूच नाही, त्याने एसआरएच्या ऑफिसात खेटे घालायचे.