मदत हवी आहे : भांग जास्त झाली आहे, उतरवण्यासाठी काय द्यावे?

वैनगंगाकाठ (संध्या. ७.४०)

महाशिवरात्रीनिमित्त आज आम्ही घरची सर्व मंडळी मार्कंडा येथील यात्रेला जाऊन आलो. घरी परतल्यावर माझ्या मोठ्या भावाने दुधात घोटलेली भांग घेतली आणि आता त्यांची अवस्था पाहवत नाही. आपण आता मरणार, असे ते सारखे म्हणत आहेत, छातीवर हात ठेवून बसतात, लगेच उठून अंगणात जातात आणि भिंतीला धरून परत येतात. तोंड कोरडे पडले आहे आणि डोळे लालभडक झाले आहेत. आई चिंचेचे पाणी घेऊन समोर बसली आहे, पण ते प्यायला तयार नाहीत. भांग उतरवण्यासाठी नेमके काय द्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

संत्रापट्टा (७.४६)

चिंचेच्या पाण्याने काही होणार नाही. आमच्या वरुडकडे अशा वेळी आंबट ताकात मूठभर मीठ घालून पाजतात, घशात बोटे घालून ओकारी काढतात आणि डोक्यावर गार पाण्याच्या दोन-तीन बादल्या ओततात. माझ्या चुलतभावाला सालबर्डीच्या यात्रेत असेच झाले होते आणि याच उपायाने तो शुद्धीवर आला, हे मी स्वतः पाहिले आहे.

निवृत्त_परिचारिका (७.५१)

संत्रापट्टा भाऊ, कृपया हा उपाय कोणाला सांगू नका. झिंगलेल्या माणसाला जबरदस्तीने ओकारी काढायला लावली, तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि मूठभर मीठ हे स्वतःच विषासारखे काम करते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना अशा घरगुती उपायांनी अधिक बिघडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

वैनगंगाकाठ भाऊ, तुमच्या भावाचे वय काय, भांग किती वाजता आणि किती घेतली, सोबत दारू होती का, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही आजार आहे का, हे आधी सांगा. त्याशिवाय कोणीही तुम्हाला योग्य सल्ला देऊ शकणार नाही.

वैनगंगाकाठ (७.५५)

वय ५२ आहे. चार वाजता एक पेला घेतला, तासभर काहीच जाणवले नाही, म्हणून पाचच्या सुमारास दुसरा घेतला. दिवसभर उपवास होता. दारू ते घेत नाहीत. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. ताई, इतके विचारण्यापेक्षा औषधाचे नाव सांगितले असते, तर आतापर्यंत दुकानातून आणले असते.

निवृत्त_परिचारिका (८.०२)

भाऊ, भांग उतरवणारे औषध दुकानातही नाही आणि दवाखान्यातही नाही. शरीर ती हळूहळू बाहेर टाकते आणि तोपर्यंत आपण माणसाला सांभाळायचे असते. ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. पोटातून गेलेली भांग मात्र चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेते, कारण ती आधी यकृतातून जाते आणि तिथे तिच्यातील मादक द्रव्याचे अधिक तीव्र रूप तयार होते. पहिल्या पेल्याने काही झाले नाही असे समजून माणूस दुसरा घेतो आणि नंतर दोन्ही एकदम चढतात. तुमच्या घरी हेच घडले आहे. हा अंमल सहा ते आठ तास राहतो, कधी त्याहून जास्त.

त्यांना मंद उजेडाच्या खोलीत बसवा, भोवतीची गर्दी कमी करा, आणि ज्याचे ते ऐकतात अशा एकाच माणसाने जवळ बसून हे भांगेमुळे होत आहे आणि उतरणार आहे, असे शांतपणे सांगत राहावे. पूर्ण शुद्धीत असतील तरच घोटघोट पाणी द्या. चहा-कॉफी नको, कारण हृदय आधीच वेगाने धावत आहे. एकदम उभे राहू देऊ नका, रक्तदाब उतरून ते पडू शकतात. आता घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि छातीत प्रत्यक्ष दुखते की नुसती धडधड होते, हे त्यांना विचारा. दुखत असेल, दम लागत असेल, भोवळ येत असेल किंवा झटके आले, तर चर्चा न करता १०८ ला फोन करा. बावन्न वर्षांच्या आणि रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत तर दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घेणेच मला योग्य वाटते.

औषधविक्रेता_अचलपूर (८.०५)

एक महत्त्वाची गोष्ट राहून जात आहे. भांग अधिक चढावी म्हणून तिच्यात कधी कधी धोत्र्याचे बी वाटून घालतात आणि शिवरात्रीला धोत्रा घरोघरी आणलेला असतो. त्यातही तोंड कोरडे पडते आणि हृदय वेगाने चालते, पण डोळ्यांतील बाहुल्या खूप मोठ्या होतात, कातडी कोरडी आणि तापलेली लागते, लघवी अडते आणि माणूस हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात करून असंबद्ध बोलतो. असे असेल तर घरी मुळीच थांबू नका.

पांढरंसोनं_यवतमाळ (८.०९)

दूध कोणत्या भांड्यात कालवले, हेही पाहून घ्या. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून मी हा प्रश्न सगळ्यांना विचारतो. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यातून पाणी किंवा दूध घेणारी घरे अजूनही आहेत. त्या विषात धोत्र्याच्या उलट घडते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ गळते, दरदरून घाम येतो, ओकाऱ्या आणि जुलाब होतात.

वैनगंगाकाठ (८.१३)

भांडे घरातील स्टीलचा गंज (पातेले) होता. बाहुल्या आम्हाला नेहमीसारख्याच दिसतात, अंगाला थोडा घाम आहे, लघवी झाली आहे, लाळ नाही. नाडी १२४ भरली. दुखत नाही, धडधडते, असे ते म्हणतात.

मोहफूल (८.१५)

माझ्या ओळखीचा एक जण वर्षानुवर्षे रोज गांजा ओढायचा आणि त्याला ओकाऱ्यांचा असा त्रास सुरू झाला की गरम पाण्याने आंघोळ केल्यावरच आराम पडायचा. गांजा पूर्ण सोडल्यावर तो त्रास थांबला. तेव्हा गरम पाण्याची आंघोळ घालून पाहावी.

निवृत्त_परिचारिका (८.१७)

मोहफूल भाऊ, तुम्ही सांगता तो आजार खरा आहे, पण तो दीर्घकाळ रोज सेवन करणाऱ्यांचा आहे. इथे गरम पाण्याने रक्तदाब आणखी उतरेल.

गावकरी_भामरागड (८.१८)

दवाखान्यात नेले की पोलिसांना कळवतात. आपला जिल्हा दारूबंदीचा, त्यात नशेचे प्रकरण, म्हणजे भावाचे नाव कायमचे कागदावर येईल. रात्रभर खोलीत झोपू द्या, सकाळी आपोआप ठीक होईल.

वकिली_ब्रह्मपुरी (८.२४)

काकाजी, या भीतीपोटी माणसे घरी राहतात आणि प्रकरण हाताबाहेर जाते, म्हणून सविस्तर लिहितो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात, फुलोऱ्याविना असलेली नुसती पाने आणि बी तिच्यातून वगळली आहेत, आणि भांग पानांची असते. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधने आहेत, हे खरे. दवाखाना पोलिसांना कळवू शकतो, हेही खरे. परंतु कायदेशीर सोपस्कार पूर्ण होण्याची वाट न पाहता आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. पोलिसांना काय सांगायचे ते उद्याही पाहता येईल.

निवृत्त_परिचारिका (८.२६)

भाऊ, मी सुरुवातीलाच विचारायला हवे होते, ते आता विचारते. त्या गंजातील दूध घरात आणखी कोणी घेतले का? विशेषतः लहान मूल?

वैनगंगाकाठ (८.२९)

माझ्या चार वर्षांच्या मुलीने साडेसहाला तळाशी उरलेले थोडेसे गोड दूध घेतले होते, पण तिला काहीच त्रास नाही. यात्रेत खूप चालल्यामुळे दमली होती, डुलतच अंथरुणापर्यंत गेली आणि साडेसातपासून शांत झोपली आहे. मला भावाबद्दल सांगा, १०८ ला फोन करू का?

निवृत्त_परिचारिका (८.३०)

फोन आत्ताच करा, आणि तो आधी मुलीसाठी करा. हे वाचून झाल्यावर तिच्याजवळ जा, मोठ्याने नाव घेऊन हाक मारा आणि कानाच्या पाळीला चिमटा घ्या. ती डोळे उघडून तुम्हाला ओळखते का, ते पाहा. पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. तिला कुशीवर वळवा आणि तोंडात पाणी, दूध, चिंच, काहीही घालू नका.

संत्रापट्टा (८.३३)

लहान मुलांना अशी झोप लागतच असते, उगाच घाबरवू नये. जिभेवर लिंबाचे दोन थेंब सोडले तरी पुरे.

निवृत्त_परिचारिका (८.३४)

पुरे नाही. मोठा माणूस भांगेने ओरडतो, रडतो, म्हणून सगळे घर त्याच्याभोवती जमते. लहान मूल मात्र नुसते ढिले पडून झोपी जाते, त्याचा श्वास मंदावू शकतो आणि ते बेशुद्ध होऊ शकते. वजन चौदा-पंधरा किलो असलेल्या मुलीला मोठ्याच्या मानाने थोडीशी भांगही फार होते, आणि तळाशी साचलेला गाळ सर्वांत कडक असतो. ती डुलत चालली, तो थकवा होता असे मला वाटत नाही. गिळण्याची आणि ठसका लागण्याची क्रिया मंदावलेली असताना लिंबाचे थेंबही फुप्फुसात जाऊ शकतात.

वैनगंगाकाठ (८.३७)

चिमटा घेतला तर हुं करते आणि पुन्हा मान टाकते. श्वास १६ भरले. १०८ ला सांगितले आहे, गाडी निघाली आहे. पत्नीने तिला कुशीवर धरले आहे.

निवृत्त_परिचारिका (८.३८)

या वयात मिनिटाला वीस ते तीस श्वास असायला हवेत. गाडी येईपर्यंत दर पाच मिनिटांनी मोजत राहा आणि तो आकडा वेळेसह लिहून ठेवा. श्वास आणखी मंदावले किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच पुन्हा १०८ ला कळवा आणि ते सांगतील तसे करा. गंजात उरलेला गाळ आणि भांगेची पुडी बाटलीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना भांगच सांगा, लाजेने लपवू नका. नाहीतर ते मेंदूज्वर किंवा साप शोधत बसतील. त्याच गाडीत भावालाही बसवा.

वकिली_ब्रह्मपुरी (८.४१)

ते दूध प्रसाद म्हणून शेजारी कोणाकडे गेले आहे का, हे निघण्यापूर्वी आईला विचारून घ्यावे.

वैनगंगाकाठ (दुसऱ्या दिवशी, दुपारी १.१०)

काल मी ताईंना घाईने बोललो, त्याची क्षमा मागतो. पोहोचताच डॉक्टरांनी मुलीच्या बोटाला ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावले, रक्तातील साखर तपासली आणि प्राणवायू व सलाइन सुरू केले. रात्री तिला जिल्हा रुग्णालयात हलवावे लागले. पहाटेपर्यंत ती हाकेला नीट प्रतिसाद देत नव्हती आणि त्या वेळेचे वर्णन मला करवत नाही. सकाळी साडेनऊला तिने डोळे उघडून आजीला विचारले. चालताना अजून तोल जातो, म्हणून आजची रात्रही ठेवणार आहेत. भावाच्या हृदयाचा आलेख ठीक निघाला, शांत करणारे औषध दिल्यावर ते झोपले आणि आता मुलीच्या खाटेपाशी बसले आहेत. पोलीस सकाळी येऊन जबाब घेऊन गेले.

वकील साहेबांनी विचारले ते बरे झाले. आईने एक डबा मागच्या घरी दिला होता, त्या घरात सहा आणि दोन वर्षांची दोन मुले आहेत. गाडीत बसताना मी त्यांना फोन केला. डबा फ्रिजमध्ये होता, उपवास सोडताना घेऊ म्हणून ठेवला होता.