मदत हवी: बारावीला गणित नव्हतं, आता एमए अर्थशास्त्र. लाग्रांजपाशी गाडी अडली आहे

कल्याणच्या_पुढे:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

राहते टिटवाळ्याला, नोकरी दादरच्या एका पतपेढीत, कर्ज विभागात. वय २८. बीए अर्थशास्त्र घेऊन, मराठी माध्यमातून. यंदा दूरस्थ एमएला नाव घातलं. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुस्तकं निम्मं सत्र उलटल्यावर हातात पडली आणि फोन कुणी उचलत नाही, पण तो इथला विषय नाही.

विषय गणिताचा आहे. दहावीनंतर मी गणिताला रामराम ठोकला होता. बीएला आकृत्यांवर निभावलं. समवृत्ती वक्र (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांचा) काढायचा, अर्थसंकल्प रेषा (खिशातल्या पैशांत काय काय बसतं ती) त्याला टेकते तिथे टिंब द्यायचं, खाली 'उपभोक्त्याचा समतोल' म्हणून चार ओळी, की गुण मिळाले. आता दुसऱ्याच प्रकरणात आकृती गायब, आणि तिच्या जागी लाग्रांज नावाच्या गृहस्थांचं एक समीकरण. त्यात लॅम्डा नावाचं एक ग्रीक अक्षर आहे. तो कुठून आला, कशाला आला, काही सांगितलेलं नाही. 'आंशिक अवकलन करून शून्याबरोबर मांडल्यास' असं लिहून थेट उत्तर. मधल्या चार पायऱ्या बहुधा ज्याला येतं त्याच्यासाठी सोडल्यात.

भाषेची भर वेगळीच. वाचायला मिळतं ते सगळं इंग्रजीत. 'इंडिफरन्स कर्व्ह' म्हणजे आपला समवृत्ती वक्रच, हे लक्षात यायला मला आठवडा गेला. हसू नका.

वेळ म्हणाल तर सकाळी टिटवाळ्याहूनच सुटणारी लोकल धरली तर दादरपर्यंत सव्वा-दीड तास बसायला मिळतं. परतीच्या गाडीत पुस्तक सोडा, हात वर करायला जागा नसते. शिवाय रविवारची दुपार, पाहुणे नसतील तर.

विचारायचं असं:
गणित नेमकं कुठून सुरू करू? ऑफिसातल्या एकांनी एक जाडजूड परदेशी पुस्तक दिलंय, दहा पानांत झोप लागते.
परीक्षा मराठीतून देण्याची मुभा आहे, ती घ्यावी का?
आणि खरं सांगायचं तर मनात इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस (केंद्र सरकारची अर्थतज्ज्ञांची सेवा) आहे. घरी अजून बोलले नाही. झेपेल का?

एसी_लोकल:

ताई, स्पष्ट बोलतो, राग नको. नोकरी आहे ना हातात? बँकांच्या परीक्षा द्या, एमएचं लोढणं कशाला? माझ्या चुलतभावाने एमए केलं, आता विमा विकतो.

आंबटगोड:

@एसी_लोकल, विमा विकायलाही डोकं लागतं हो.

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्यातच आहे. ही परीक्षा यूपीएससी घेते. पदव्युत्तर पदवी अर्थशास्त्राची किंवा त्याच्या शाखेतली लागते. वयाची अट २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. म्हणजे खुल्या वर्गात असाल तर एमए संपेपर्यंत तुमच्याकडे जेमतेम एक प्रयत्न उरेल. लेखी १००० गुणांची, त्यातले ८०० अर्थशास्त्राच्या चार पेपरांचे, वर मुलाखत २०० ची. जागा मोजक्याच. मुख्य म्हणजे उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात, आणि अर्थशास्त्राच्या पहिल्याच पेपरात गणिती पद्धतींचा भाग आहे. एमए मराठीतून दिलंत तर गुण कदाचित बरे पडतील, पण हा दरवाजा जड होईल. नेट-सेट देऊन प्राध्यापकी करायची तर वयाचं बंधन नाही, एमएला ५५ टक्के मात्र हवेत (राखीवला ५०). घरी सांगण्याआधी जन्मतारीख आणि कॅलेंडर शेजारी ठेवून बघा.

जुना_मास्तर:

मी मुंबईच्याच एका महाविद्यालयात तीस वर्षं हा विषय शिकवला. कलाशाखेच्या मुलांची गाडी इथेच अडते, दर वर्षी, न चुकता. दोष मुलांचा कमी. आपल्याकडे अर्थशास्त्र कलाशाखेत ठेवलं आणि गणित पलीकडच्या इमारतीत. नाहीतर याच शहरात एल्फिन्स्टनला दादाभाई नौरोजी गणित शिकवत होते, आणि देशातून किती संपत्ती बाहेर जाते याचा हिशोब पुढे त्यांनीच मांडला.

ते जाडं पुस्तक तूर्त कपाटात ठेवा. बालभारतीचं बारावी वाणिज्यचं गणिताचं पुस्तक घ्या, पहिला भाग. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. अवकलन (एक गोष्ट बदलली की दुसरी किती वेगाने बदलते ते) आणि अवकलनाचे उपयोग, एवढीच दोन प्रकरणं. उपयोगांत सीमांत खर्च (आणखी एका नगामागे वाढणारा) आणि मागणीची लवचिकताच आहे, म्हणजे तुमच्याच घरचं. घातांक आणि रेषेचा उतार विसरला असाल तर आधी नववी-दहावीचं चाळा, त्यात लाज नाही. लोकलमध्ये वाचू नका, वहीत सोडवा. गणित वाचून येत नाही.

आता लाग्रांज. समजा चहा १० रुपये, वडापाव २०, खिशात २००. समाधान म्हणजे चहाची संख्या गुणिले वडापावची संख्या, असं धरू. तुमच्या आकृतीतलं टिंब काय सांगत होतं? वक्राचा उतार आणि रेषेचा उतार सारखा. म्हणजे शेवटच्या रुपयाला चहातून जेवढं समाधान, तेवढंच वडापावातून. चहाचं सीमांत समाधान म्हणजे वडापावची संख्या, भागिले १०. वडापावचं म्हणजे चहाची संख्या, भागिले २०. दोन्ही सारखे मांडा: चहा वडापावच्या दुप्पट. पैशांत बसवा: १० चहा, ५ वडापाव, समाधान ५०. झालं लाग्रांज. ते समीकरण म्हणजे तुमचं टिंबच आहे, आकृतीशिवाय लिहिलेलं. वस्तू तीन झाल्या की कागदावर आकृती निघत नाही, म्हणून ही खटपट.

आणि लॅम्डा? ५ भागिले १०, म्हणजे ०.५. खिशात एक रुपया जास्त असता तर समाधान कितीने वाढलं असतं, ते. २०१ रुपये धरून स्वतः करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

एक उलट प्रश्न. कर्ज विभागात आहात ना? लाखाचं कर्ज, १२ टक्के, वर्षभर मासिक हप्ते. फ्लॅट दर (पूर्ण रकमेवर अखेरपर्यंत व्याज) आणि घटती शिल्लक (उरलेल्या रकमेवरच व्याज), फरक किती?

कल्याणच्या_पुढे:

सर, आधी तुमच्या प्रश्नाचं. हे तर रोजचंच. फ्लॅटने व्याज १२,००० आणि हप्ता ९,३३३. घटत्या शिलकीवर हप्ता ८,८८५ च्या आसपास, वर्षाचं व्याज साधारण ६,६१९. दुकानात टीव्ही 'फक्त १२ टक्के फ्लॅट'ने घेऊन येतात ना लोक, त्यांना मी सांगते, घटत्या शिलकीच्या हिशोबाने ते साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ पडतं. कुणाला पटत नाही.

आणि २०१ चं आज ठाकुर्ली ते मुंब्र्यादरम्यान केलं. १०.०५ चहा आणि ५.०२५ वडापाव, गुणाकार ५०.५०. अर्ध्यानेच वाढलं! शेजारची बाई विचारत होती, अर्धा चहा कोण पितं.

@आंबटगोड, कॅलेंडर बघितलं. एकच प्रयत्न. पेपर इंग्रजीतून देणार.

जुना_मास्तर:

साडेएकवीस तुम्ही कसं काढलंत? हप्त्यांची आजची किंमत लाखाशी जुळेपर्यंत दर बदलून. त्याला पुस्तकात 'अंतर्गत परतावा दर' म्हणतात, तो बहुतेक पुढच्या सत्रात येईल तेव्हा दचकू नका. हप्त्याचं सूत्र ही भूमितीय श्रेढीची (प्रत्येक पद आधीच्याच्या ठरावीक पट) बेरीज. रुपयातले ८० पैसे खर्च होतात असं धरलं तर केन्स या अर्थतज्ज्ञाचा गुणक (एक रुपया नव्याने खर्च झाला की एकूण उत्पन्न किती पट वाढतं ते) १ भागिले ०.२ म्हणजे ५ येतो, तीही तीच श्रेढी, फक्त न संपणारी. स्थूल अर्थशास्त्राच्या (सगळ्या देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या) पेपरला हे आधीच करून ठेवा.

एसी_लोकल:

ताई, मी माझा सल्ला मागे घेतो. तो टीव्हीचा हिशोब जरा सविस्तर टाकाल का? गेल्या महिन्यातच घेतलाय.

कल्याणच्या_पुढे:

टाकते, रविवारी. हप्ता किती आणि किती महिने, तेवढं लिहून ठेवा. आणि फाइल चार्जेस म्हणून वेगळे किती कापले, तेही.

सर, एक राहिलं. पैशांबरोबर वेळेचीही मर्यादा असेल तर लॅम्डा दोन लागतील का? मला वेळेचा लॅम्डा काढायचाय.