अनुभव धागा: पाडव्याची अंगतपंगत, एअर फ्रायर आणि ताटाची डावी बाजू

गोदाकाठ
बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदाघाटावर, गेले होते. एका बाईंनी कुरडयांचा ढीग मांडला होता, तो बघितला आणि तांबट लेनमधला आमचा वाडा आठवला. पाडव्याला सगळ्या बिऱ्हाडांची पंगत अंगणात बसायची, ज्याच्या त्याच्या घरून एकेक पदार्थ. श्रीखंड एकीकडे, पुऱ्या दुसरीकडे, बटाट्याची भाजी तिसरीकडे आणि तळण कायम माझ्या आजीकडे. "गरम असतानाच वाढायचं" म्हणून ती स्टोव्हपुढे बसून कुरडया, पापड, सांडगी मिरची काढत राहायची. पहिली पंगत उठायची, दुसरी उठायची, तिचा झारा चालूच. आजीला पाडव्याच्या पंगतीत बसलेलं मला आठवतच नाही.

आता गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये यंदा अंगतपंगत ठरली आहे आणि डावी बाजू मी मागून घेतली. लेकीने घेतलेला एअर फ्रायर खाली हॉलमध्येच नेणार आहे. तिथल्या तिथे गरम वाढता येईल आणि वाढणारीला पानावर बसताही येईल. कोणी काय काय केलंय, काय जमतं, काय नाही, सगळं लिहा. चटण्या-कोशिंबिरींचंही चालेल.

मेथीचीजुडी
कोथिंबीर वडी. डोळे झाकून. आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये ठेव, गार उंड्याचे काप स्वच्छ पडतात, चुरा होत नाही. दोन्हीकडून ब्रशने तेल, १८० डिग्रीला १२ मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. एकावर एक रचायच्या नाहीत, हवा फिरली पाहिजे. अळूवडीलाही हेच. शिट्टी झाली, पळते.

सातपूरकर
पदार्थ नंतर, आधी हॉलमधला बोर्ड बघा. मी हेच काम करतो म्हणून सांगतो. हे यंत्र साधारण १४०० ते १५०० वॅटचं असतं, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअरच्या आसपास. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. मागच्या वर्षी आमच्या हॉलमध्ये तीन घरांतून तीन फ्रायर आले आणि तिन्ही एकाच एक्स्टेंशनवर. पंगत बसायला आणि एमसीबी पडायला एकच गाठ. पंखे बंद, चैत्राचं ऊन, पहिल्या रांगेतले आजोबा पत्रावळीने वारा घेत होते. मोठा १६ अँपिअरचा पॉइंट शोधा, एका पॉइंटला एकच यंत्र, एक्स्टेंशन नकोच.

गोदाकाठ
दादा, फार कामाचं सांगितलंत. आमच्या हॉलमध्ये मोठा पॉइंट पाण्याच्या कूलरला आहे. तेवढा वेळ कूलर काढून माठ भरून ठेवते.

खानदेशची_लेक
कुरडई त्यात टाकू नका हो कोणी!! कुरडईला चारही बाजूंनी एकदम कडकडीत तेल लागतं तेव्हा ती फुलते. गरम हवेत ती नुसती वाळते, दाताखाली काचेसारखी. साबुदाण्याच्या पापड्यांचंही तेच. त्या घरून तळून घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, दोन तास काही होत नाही.
उडदाचा पापड मात्र झकास होतो. तेलाचं बोट फिरवायचं, १८० ला दीड-दोन मिनिटं. पापड हलका, आतल्या पंख्याने उडून वर कॉइलला चिकटतो, म्हणून त्यावर छोटी स्टीलची जाळी ठेवायची.

रानजाई
कुरडया अजून घरी करतं का कोणी? आमच्या सिडकोत गच्च्या आहेत पण गच्चीवर माणसं नाहीत.

खानदेशची_लेक
करतो की. दोन जावा आणि मी. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. शिजवताना हात भरून येतात. पण पहिला वाडगा गरम चीक, तूप-साखर घालून... त्यासाठीच पोरं गच्चीवर येतात.

रानजाई
चीक 😭 आमच्याकडे गूळ घालायचे. आता नुसतं वाचून भूक लागली.

इंदिरानगरी
कांदाभजी होतात का? कटाच्या आमटीबरोबर हवीतच.

मेथीचीजुडी
नाही गं. पातळ पीठ जाळीतून खाली गळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने वेडंवाकडं वाळतं. तळण हवं असेल तर कढईच. कांदाभज्यांना कढईचा मान देऊ या.

भाऊ_नाशिकरोड
मुळात त्यात तळलं जातच नाही. आत एक कॉइल आणि वर जोरात फिरणारा पंखा, म्हणजे छोटी भट्टी. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा हे नाव देऊन आणलं आणि नावामुळे सगळे त्याच्याकडून कढईची अपेक्षा करतात. जे भाजून चांगलं लागतं ते त्यात द्यायचं: शेंगदाणे, मखाणे, मिरच्या, कैरी, वांगं, रताळं. मग निराशा होत नाही. आमच्याकडे मसाला शेंगदाणे ठरलेले. दाण्यांना बेसन, तिखट, हिंग, मीठ, पाण्याचा हबका आणि चमचाभर तेल. १७० ला दहाएक मिनिटं, दोनदा हलवायचे. गार झाल्यावरच कुरकुरीत लागतात, गरम असताना मऊ वाटले म्हणून अजून ठेवू नका, करपतात.

कैरीची_फोड
कैरी लिहिलीत म्हणून आले! पन्हं करायचं तर कैऱ्या उकडू नका, भाजा. सालीला काट्याने टोचे मारायचे, २०० ला वीस-पंचवीस मिनिटं, कैरीच्या आकारावर आहे. साल सुरकुतते, थोडी काळी होते आणि देठापाशी रस फुटून बुडबुडे येतात, की झाली. गर सालीपासून आपोआप सुटतो. गूळ, वेलची, मीठ. उकडलेल्या कैरीच्या पन्ह्याला हा धुरकट वास येत नाही. गावी चुलीच्या निखाऱ्यात भाजायचो, त्याच्या बरंच जवळ जातं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवालाही मी हेच करते. आंबेडाळीला मात्र आच लावायची नाही, ती कच्चीच.

सुरणप्रेमी
काप विसरलात सगळे. सुरण, वांगी, कच्ची केळी. सुरणाला आधी चिंचेचं किंवा आमसुलाचं पाणी, नाहीतर घसा खाजतो. तिखट-मीठ-हळद लावून रव्यात घोळवायचे. महत्त्वाचं: रव्यावर तेल लागलंच पाहिजे. कोरडा रवा यंत्रात पांढराच राहतो आणि तोंडात कचकचतो. १९० ला १५ मिनिटं, वांग्याला कमी.

अबोली_पंचवटी
आमच्याकडे यंदा सण नाही. आई मार्गशीर्षात गेली. ती वांग्याचे काप करायची, रव्यात थोडं तांदळाचं पीठ घालून. धागा नुसता वाचत होते, काप आले म्हणून लिहिलं.

सुरणप्रेमी
अबोली, तांदळाचं पीठ घालून बघते नक्की. काळजी घे.

गोदाकाठ
अबोली, गुढी उभारायची नसते, जेवायला यायला काही नाही. पंचवटीतून वीस मिनिटांचा रस्ता. तुझं पान माझ्या शेजारी मांडते. नाही यावंसं वाटलं तर डबा पाठवते, तेवढा पत्ता मला खासगीत कळव.

अबोली_पंचवटी
🙏 कळवते ताई.

तिवंधेकर
पाडवा येईल तेव्हा येईल, आधी रंगपंचमी आहे! बाहेरून आलेल्या नव्या सुनांसाठी: नाशिकचा खरा रंग धुळवडीला नाही, पंचमीला. तिवंधा चौकात, शनी चौकात जमिनीखालच्या रहाडी त्या दिवशी उघडतात, पेशवाईपासूनची रीत. रंगीत पाण्याच्या त्या हौदात पोरं धप्पाधप उड्या मारतात आणि घरी येतात ती उपाशी वाघासारखी. तेव्हा फ्रायर कामाला येतो: बटाट्याच्या फोडी, तेल-मीठ-धनेपूड, २०० ला १८ मिनिटं. रंगाचे हात गॅसला लागत नाहीत, बायको खूश.

मेथीचीजुडी
रंगाचे हात यंत्राच्या बटणांना लागतात ना पण 😄

तिवंधेकर
हँडल आमचं केशरी झालंच आहे. रहाडीचा रंग, जाईल कसा.

इंदिरानगरी
कोशिंबिरीचं सांगते. भेंडी. धुऊन अगदी कोरडी पुसायची, पातळ चकत्या, चमचाभर तेल, १८० ला १२-१४ मिनिटं, दोनदा हलवून. मीठ आधी घातलंत तर पाणी सुटून भेंडी मऊ पडते, नंतरच घाला. दही, साखर, मीठ, हिंग-मोहरीची फोडणी तयार ठेवायची आणि पानं वाढायला घेतली की मगच भेंडी दह्यात. पाच मिनिटं आधी कालवली तरी कुरकुरीतपणा गेला.

रानजाई
सांडगी मिरची कोणी केली आहे का? बंद हॉलमध्ये ठसका लागेल का?

भाऊ_नाशिकरोड
१६० ला चार मिनिटं, तेल चोळून. ठसका उठतोच. खिडकीजवळ ठेवा आणि उघडताना तोंड बाजूला. ताकात भिजवलेली जुनी मिरची असेल तर लवकर काळी पडते, तीन मिनिटांनी बघा.

दिंडोरीवाली
द्राक्षं कोणाला हवी असतील तर सांगा, आमच्या बागेतला शेवटचा माल काढणं चालू आहे. पाडव्यापर्यंत थोडी राहतील. कोशिंबिरीत अर्धी चिरून, दाण्याचं कूट घालून छान लागतात. भाजू नका कोणी.

गोदाकाठ
दोन किलो माझी धरा. यादी पक्की केली: कोथिंबीर वडी, वांग्याचे काप, उडदाचा पापड, भेंडीची कोशिंबीर, मसाला दाणे, भाजल्या कैरीचं पन्हं. कुरडया घरून तळून. वडी आणि काप पाळीपाळीने, पहिली खेप पंगत बसायच्या दहा मिनिटं आधी. हलवायला आमच्या मजल्यावरची नववीतली दोन मुलं तयार आहेत, वाढपीही तीच. आता फक्त कडुनिंबाचा मोहोर राहिला. बाजारात नुसता पाला मिळतोय.

कैरीची_फोड
मोहोर आमच्या गेटपाशी भरपूर आहे, कॉलेज रोडला. चटणीत चण्याची डाळ भिजवून घालता का तुम्ही? आमच्याकडे गूळ, हिंग, ओवा, मिरी आणि चिंच.

गोदाकाठ
डाळ घालते, मुलं त्यामुळे खातात. कधी येऊ?

कैरीची_फोड
सकाळी साडेसातच्या आत या, नंतर माळी गेट झाडतो. कापडी पिशवी आणा, प्लॅस्टिकमध्ये मोहोर काळा पडतो.