मदत हवी आहे : चेहऱ्याच्या लकव्यावरील प्रश्नावली मराठीत कशी विचारावी?

नमस्कार. मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे तोंड वाकडे झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांत येथील जुन्या मराठी घरांतील ज्येष्ठ मंडळी बरीच असतात. बाहेर ती हिंदी बोलतात, पण दुखण्याबद्दल मोकळेपणी बोलतात ती मराठीतच.

चेहऱ्याची हालचाल किती परतली हे नोंदवण्यासाठी १९८५ पासूनची हाउस-ब्रॅकमन श्रेणी आहे, जिच्यात १ म्हणजे पूर्ववत चेहरा आणि ६ म्हणजे पूर्ण लकवा. ही श्रेणी तपासणारा देतो. पाचवरून तीनवर आलेल्या एका काकूंची प्रगती मी समाधानाने लिहिली, आणि नंतर कळले की हसताना डोळा आपोआप बारीक होतो म्हणून त्यांनी हळदीकुंकवाला जाणेच सोडले आहे. हे माझ्या कागदावर कुठेच नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

म्हणून १९९६ च्या 'फेशियल डिसॅबिलिटी इंडेक्स' या, रुग्णाने स्वतः उत्तरे द्यायच्या इंग्रजी प्रश्नावलीचा मराठी मसुदा करत आहे. त्यातील १० प्रश्नांपैकी ५ खाणे-पिणे, उच्चार, डोळा अशा शारीरिक अडचणींचे आणि ५ मनःस्थितीचे व लोकांत मिसळण्याचे आहेत. दात घासताना चूळ तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळते का, हे विचारणे सोपे गेले. अडले ते कपाने पिण्याच्या प्रश्नावर. आपल्याकडे अनेक जण तांब्याने वरून पाणी पितात, त्यात ओठ मिटावेच लागत नाहीत, त्यामुळे ओठ अगदी दुबळा असलेला माणूसही 'काही त्रास नाही' असे प्रामाणिकपणे सांगेल. येथे 'कपाने किंवा बशीने चहा पिताना' असे लिहिले, तर मूळ प्रश्न बदलतो का?

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. मूळ प्रश्न माणसाने स्वतःला इतरांपासून दूर ठेवले का, असा आहे. मी 'एकटे वाटले का?' असे विचारले, तेव्हा भरल्या घरातील आजींनी लगेच 'नाही' म्हटले. 'माणसांत जाणे टाळले का?' म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मला दुसरी शब्दयोजना योग्य वाटते, तरी भाषेच्या जाणकारांचे मत हवे आहे.

शिवाय, भाषांतरात अर्थ तोच राहिला का हे पडताळण्यासाठी, मूळ इंग्रजी प्रश्नावली न वाचलेल्या आणि दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या दोन व्यक्ती माझा मसुदा पुन्हा इंग्रजीत करून देतील का? मूळ कर्त्यांची परवानगी मिळाल्यानंतरच तो रुग्णांसाठी वापरेन. कोणी मराठीत असे काम आधी केले असल्यास कृपया येथेच कळवावे.