पूर्वेची बाजू उघडीच असते

वर एकांनी लिहिलंय की फोटोतल्या नावाहो (अमेरिकेच्या नैऋत्येतली एक आदिवासी जमात) वाळूचित्राची चौकट एका बाजूला अर्धवट राहिली आहे. ती मुद्दामच उघडी असते. दक्षिण, पश्चिम, उत्तर या तीन बाजूंनी जो पट्टा फिरतो तो रक्षक इंद्रधनुष्याचा, म्हणजे इंद्रधनुष्यरूपी देवतेच्या लांबलचक अंगाचा. नीट पाहिलं तर एका टोकाला डोकं, दुसऱ्याला पाय दिसतील. पूर्वेकडून देवता येतात, म्हणून तिकडे वाट. होगनचं (त्यांच्या घराचं) दारही पूर्वेलाच.

रंगांबद्दल थोडं. पांढरा बहुधा जिप्समचा, पिवळा गेरूसारख्या मातीचा, लाल वालुकाश्माचा, काळा कोळशाचा. कोळशाची नुसती पूड हलकी असल्याने उडते, धार नीट पडत नाही. म्हणून तिच्यात वाळू मिसळतात. 'निळा' म्हणजे बऱ्याचदा कोळसा आणि पांढरी पूड मिळून होणारा राखाडी. चूक झाली तर पुसत नाहीत, तेवढ्या जागेवर खालच्या थराचीच वाळू टाकून पुन्हा काढतात. आकृतीचं आधी अंग भरतात, कपडे-दागिने त्यावर चढतात.

याची रांगोळीशी तुलना होते, पण ती चिमटीने पूड सोडण्यापुरती ठीक. हे चित्र उपचाराच्या विधीसाठी काढतात. इथे आजारी माणूस चित्रावरच बसतो, हताली (मंत्र गाणारा) देवतांच्या अंगावरची वाळू त्याच्या अंगाला लावतो आणि मग चित्र मोडून वाळू बाहेर नेऊन टाकतात. त्यामुळे फळीवर डिंकाने चिकटवलेली विक्रीची चित्रं पाहून प्रतीकांचे अर्थ लावू नयेत. त्यांत रंग किंवा तपशील बहुधा जाणूनबुजून बदललेले असतात.