पासवर्ड वहीत की मॅनेजरमध्ये?

घाटावरचा: बाबांचं नेटबँकिंग काल पुन्हा लॉक झालं. त्यांचे सगळे पासवर्ड जुन्या डायरीच्या मागच्या पानावर, खोडून खोडून लिहिलेले. शून्य की ओ, हे त्यांचं त्यांनाच कळेना. माझं मत सरळ आहे: बिटवॉर्डन टाका, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं मॅनेजर ॲप; ते उघडायला एक दणकट मास्टर पासवर्ड ठेवा, वही रद्दीत द्या. कुणाला पटत नाही?

फणसगरा: मला नाही पटत. घरच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा परक्याकडे ठेवायचा? २०२२ मध्ये लास्टपास या अशाच मॅनेजरमधून चोरांनी लोकांच्या तिजोऱ्यांचे बॅकअपच उचलले. माझी वही कपाटात असते. परदेशातला हॅकर कपाट उघडायला येत नाही.

घाटावरचा: त्यातले पासवर्ड एन्क्रिप्टेड, म्हणजे मास्टर पासवर्डशिवाय न वाचता येणारे होते, साइटचे पत्ते मात्र उघडे. ती चूक कंपनीचीच. मास्टर पासवर्ड लेचापेचा असेल तर चोर घरबसल्या हवे तितके अंदाज करू शकतो, हेही मान्य. पण वहीवाले करतात काय? बाबांच्या सातही नोंदी नातीच्या नावाच्या, पुढे फक्त १, २, ३. एखाद्या फालतू शॉपिंग साइटवरून एक फुटला की बाकीचे ओळखायला हॅकर कशाला हवा, शेजारचा पोरगाही पुरे.

ओवीची आई: फिशिंगचं, म्हणजे खोट्या साइटवर पासवर्ड काढून घेण्याचं, कुणी बोलतच नाही! मला वीजबिलाचा मेसेज आला होता. पान हुबेहूब, लोगोसकट. मॅनेजर एरवी आपणहून पासवर्ड भरतो, तेव्हा ढिम्म. म्हणून पत्ता नीट वाचला, तर एक अक्षर जास्तीचं. वही हे सांगणार आहे का? फक्त मास्टर पासवर्ड विसरू नका, तो बिटवॉर्डनवाल्यांकडेही नसतो. मी कागदावर लिहून लॉकरमध्ये ठेवलाय.

फणसगरा: म्हणजे शेवटी कागदच ना! 😄 बरं, क्लाउड नको असेल तर?

ओवीची आई: कीपासएक्ससी. हाही मॅनेजरच, पण पासवर्डची फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची, नाहीतर हार्ड डिस्क गेली की सगळं गेलं.

घाटावरचा: बाबांना हे झेपायचं नाही. मास्टर पासवर्ड काय द्यावा त्यांना?

ओवीची आई: डाइसवेअर. पाच फासे टाकायचे, येईल तो आकडा डाइसवेअरच्या शब्दयादीत शोधायचा, की एक शब्द मिळतो; असे सहा शब्द. यादीत ७,७७६ शब्द असतात. आपल्या मनाने निवडायचे नाहीत, नाहीतर पुन्हा नातच येईल.

फणसगरा: यादी इंग्रजी असणार. मराठी शब्द रोमनमध्ये नको का?

घाटावरचा: नको रे बाबा. आमचे पिताश्री 'फणस' एकदा 'पीएच'ने लिहितात, एकदा 'एफ'ने. परत लॉक!